बर्फातली हुशार गाडी

अमेरिकेहून परत येऊन आता बरेच दिवस झाले, तरी गल्लीत, भिशीत, लग्नकार्यात भेटणाऱ्या माणसांचा एक प्रश्न काही संपत नाही. नायगारा पाहिला का, असं फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते हे, "तिकडं एवढ्या बर्फात गाड्या चालतात तरी कशा हो?" बायका विचारून थांबतात. पुरुष मंडळी मात्र उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. "फोर व्हील ड्राइव्ह असणार की! नाहीतर ऑल व्हील." मग मी विचारते, "दोन्हींत फरक काय?" तिथं जरा शांतता पसरते. "तसं एकच की ते, नाव तेवढं वेगळं," असं म्हणून विषय चहाकडं वळतो.

एकच नाही ते. हा फरक समजून घेण्यात आमच्या दोन्ही घरांनी एक अख्खा हिवाळा घालवला, म्हणून आज त्यावर लिहिते आहे. मी काही मोटारीतली जाणकार नव्हे. हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि टिळकवाडीतून शाळेपर्यंत स्कूटी चालवली, एवढीच माझी पात्रता. पण घर्षणाचा धडा दरवर्षी फळ्यावर शिकवला होता. तो प्रत्यक्ष जगायला मिळाला मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ या गावी, २०२२-२३ च्या हिवाळ्यात.

लेक तिथं एका रुग्णालयात नर्स आहे. जावई बैलहोंगल तालुक्यातले, कन्नड घरचे. बाळंतपणासाठी मी सप्टेंबरअखेर तिकडं गेले. ऑक्टोबरात नात झाली आणि त्याच महिन्यात त्यांची जुनी गाडी मोडीत काढायची वेळ आली. जानेवारीच्या मध्याला लेकीची रजा संपणार होती. ड्यूटी रात्रीची, संध्याकाळी सातला सुरू होऊन सकाळी सातला सुटणारी. म्हणजे जाताना अंधार आणि येतानाही अंधारच. डिसेंबरात तिथं साडेचारच्या आत सूर्य मावळतो. घर टेकडीवर, रुग्णालय खाली तलावाच्या अंगाला. तलाव म्हणजे लेक सुपीरिअर, क्षेत्रफळानं जगातला सर्वांत मोठा गोड्या पाण्याचा तलाव. गाव त्याच्या काठानं लांबच लांब पसरलेलं आणि रस्ते टेकडीवरून थेट तलावाकडं उतरणारे. आपल्या चोर्ला घाटाला निदान वळणं आहेत. इथले रस्ते शिडी लावल्यासारखे सरळ खाली जातात. त्यावर हिवाळ्यात सरासरी नव्वद इंच बर्फ. अशा रस्त्यावरून लेक रात्री जाणार, त्यासाठी गाडी कुठली घ्यायची, हा प्रश्न होता.

घरात दोन पक्ष पडले. एक पक्ष बैलहोंगलहून फोनवर बोलायचा. आमचे व्याही, कन्नडमध्ये बीगरु, यांची जमीन काळ्या मातीची आणि त्यांच्याकडं एक जुनी फोर व्हील ड्राइव्हची जीप. त्यांचं मत ठाम होतं. "नोड्री ताई, एरी होलात पावसाळ्यात ट्रॅक्टर रुततो, पण माझी जीप बाहेर येते. बर्फ म्हणजे काय, पांढरा चिखलच की! फोर व्हीलच घ्यायला सांगा."

त्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. त्याच वर्षी जुलैत आम्ही त्यांच्याकडं गेलो होतो, तेव्हा त्यांनी मला मुद्दाम शेतावर नेलं होतं. ज्यांनी पावसातली काळी माती पाहिली आहे त्यांना सांगायला नको. चप्पल आत राहते आणि पाय बाहेर येतो. डांबरी सडक संपली तिथं व्याही खाली उतरले, पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावरच्या चकत्या हातानं फिरवल्या, परत येऊन गिअरशेजारची दुसरी दांडी ओढली आणि जीप हत्तीसारखी सावकाश, पण न थांबता चिखलातून निघाली. चारही चाकं ओढत होती. परत डांबरीवर आल्यावर त्यांनी आठवणीनं दांडी सोडवली. मी विचारलं, "राहू दे की तशीच. चार चाकं ओढली तर चांगलंच की." ते म्हणाले, "नको ताई. डांबरीवर गाडी वळताना अडते, आतून कुरकुरते. मोडेल काहीतरी."

ते का अडतं, हे समजलं की अर्धा विषय समजला. शाळेतली कवायत आठवा. चार मुलांची ओळ डावीकडं वळते तेव्हा आतलं मूल जागच्या जागी पाय आपटतं आणि बाहेरचं मूल लांब ढांगा टाकतं. गाडीच्या चाकांचंही तसंच. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शिअल नावाची दातेरी चक्रांची जोडणी असते. ती दोघांना आपापल्या वेगानं फिरू देते. पण एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. वळताना पुढची चाकंही मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. म्हणजे पुढच्या आणि मागच्या जोडीलाही वेगवेगळ्या वेगानं फिरायची मोकळीक हवी.

व्याह्यांच्या जीपमध्ये दांडी ओढली की नेमकी हीच मोकळीक बंद होते. पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांना घट्ट बांधला जातो. तीन पायांच्या शर्यतीत दोन मुलांचे पाय एकत्र बांधतो ना, तसं. सरळ पळताना ठीक, वळताना पंचाईत. चिखलात किंवा बर्फात चाक थोडं घसरून आपला ताण मोकळा करून घेतं. कोरड्या डांबरीवर ते घसरू शकत नाही, मग सगळा ताण आतल्या यंत्रावर येतो. म्हणून अशी फोर व्हील ड्राइव्ह गरज असेल तेव्हा लावायची आणि गरज संपली की काढायची. तिच्यात आणखी एक गिअर असतो, लो. त्यात गाडी अगदी मुंगीच्या वेगानं चालते, पण तिची ओढण्याची ताकद वाढते. खडकाळ चढ, खोल चिखल, रुतलेली दुसरी गाडी ओढून काढणं, ही तिची कामं. १९४१ मध्ये अमेरिकेनं युद्धासाठी बनवलेली विलीज जीप याच तत्त्वावर चालायची. १९४७ पासून महिंद्रांनी ती मुंबईत जुळवायला घेतली आणि पुढं तिच्याच वंशातल्या जीपा आपल्या खेड्यापाड्यांत पोचल्या.

दुसरा पक्ष लेकीचा. तिला ऑल व्हील ड्राइव्ह हवी होती. यातही चारही चाकांना ताकद मिळते, पण पुढच्या-मागच्या जोडीला घट्ट बांधून टाकत नाहीत. मध्ये आणखी एक डिफरन्शिअल असतं किंवा चकत्यांचा क्लच असतो. काही गाड्यांत चारही चाकं कायम ओढतात. काहींत एरवी पुढचीच दोन ओढतात, आणि ती घसरायला लागली की गाडीतला संगणक क्षणार्धात मागच्या चाकांनाही कामाला लावतो. चालवणाऱ्यानं दांडी ओढायची नाही, खाली उतरायचं नाही, रस्ता कोरडा की ओला याचा विचार करायचा नाही. १९७२ मध्ये जपानच्या सुबारूनं एका साध्या कौटुंबिक गाडीला चारही चाकांची ओढ दिली, तीसुद्धा दांडी ओढून लावायची. १९८० मध्ये जर्मनीच्या ऑडीनं क्वाट्रो आणली. तिची चारही चाकं कायम ओढायची आणि ती कोरड्या रस्त्यावरही बिनधास्त वळायची. तेव्हापासून चार चाकांची ओढ हा प्रकार शेत आणि सैन्य सोडून घरगुती गाड्यांत पसरत गेला.

"बाबा म्हणतात ते त्यांच्या शेतासाठी बरोबर आहे," लेक सासऱ्यांबद्दल म्हणाली. "पण माझा रस्ता शेतासारखा एकसारखा नाही." हे तिचं म्हणणं मला नोव्हेंबरात पटलं. डुलुथचा रस्ता दर शंभर पावलांवर वेगळा असतो. मोठ्या रस्त्यांवर पुढं भलंमोठं पातं लावलेले ट्रक रात्रंदिवस बर्फ बाजूला सारत असतात. त्या पात्याला ते नांगरच म्हणतात. व्याह्यांना फोनवर सांगितलं तर ते खो खो हसले, "रस्त्यावर नेगिलु?" त्या नांगरटीनंतर मीठ आणि वाळू पडते. म्हणजे मधला पट्टा काळा, कोरडा. वळणावर दाबून घट्ट झालेला बर्फ. झाडाच्या सावलीत काचेसारखा थर. पुलावर आणखी वेगळं. फोर व्हीलची दांडी यात कितीदा लावायची आणि किती वेळा काढायची? अशा मिश्र रस्त्यावर स्वतःच जमवून घेणारी ऑल व्हील ड्राइव्ह सोयीची. उलट गावाबाहेर, जिथं नांगर दोन दिवस फिरकत नाही आणि बर्फ गुडघाभर साचतो, तिथले लोक उंच, लो गिअरवाला फोर व्हील ड्राइव्ह ट्रकच ठेवतात. बर्फ गाडीच्या पोटाला लागला की गाडी त्यावर टेकते आणि चाकं अधांतरी होतात. मग संगणक कितीही चलाख असला तरी काय करणार?

शेवटी ऑल व्हील ड्राइव्ह गाडी आली. विकणाऱ्यानं सांगितलं, "हिला वेगळे टायर नकोत, बाराही महिन्यांचे चालतात." जावयांनी मान डोलावली. नुकतंच बाळ झालेलं, खर्चाला शंभर वाटा.

डिसेंबरच्या मध्याला मोठं वादळ आलं. दोन-तीन दिवस बर्फ पडतच होता. दाराबाहेरच्या पायऱ्या गेल्या, शेजारची टपालपेटी गेली. त्या वर्षी डुलुथमध्ये एकूण १४० इंच बर्फ पडला, साडेअकरा फुटांहून जास्त. तिथल्या नोंदींतला तो उच्चांक आहे. त्या दिवसांत आमची नवी गाडी चढावर अशी चढायची की बघत राहावं. शेजारच्या गाड्या चाकं गरगर फिरवत जागेवर ओरडायच्या आणि ही गपगुमान वर. जावई खूश. मीही खूश. व्याह्यांना व्हिडिओ पाठवला. "परवा इल्ल" असं उत्तर आलं. बरी आहे म्हणजे. त्यांच्याकडून एवढं कौतुक पुष्कळ झालं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बाळाला डॉक्टरांकडं न्यायचं होतं. आदल्या दिवशी थंडी जरा कमी होऊन वरचा बर्फ पातळ झाला होता आणि रात्री तो पुन्हा गोठला. जावई हळूच चालवत होते. उतारावर लाल दिवा लागला, त्यांनी ब्रेक दाबला. पायाखाली धडधड आवाज आला आणि गाडी थांबलीच नाही. वेग अगदी कमी होता. पण ती निवांतपणे, जणू काही घाई नाही अशी, चौक ओलांडून पलीकडं गेली आणि वाळू टाकलेल्या जागी उभी राहिली. आडव्या रस्त्यावर त्या क्षणी कुणी नव्हतं. नात मागच्या सीटवर झोपलेली होती. ती जागीही झाली नाही. आम्ही तिघंही काही बोललो नाही. जावयांचे हात स्टिअरिंगवर होते, ते बराच वेळ तसेच.

घरी आल्यावर ते म्हणाले, "अत्ती, चारही चाकं ओढतात ना हिची? मग असं कसं झालं?"

मी कागद घेतला. तीस वर्षांची सवय. म्हटलं, ओढतात चार, हे खरं. पण थांबवणारी चाकं प्रत्येक गाडीत चारच असतात. ब्रेक पहिल्यापासून चारही चाकांना असतात, मग ती तुमची जुनी गाडी असो, ही नवी असो, नाहीतर तुमच्या वडिलांची जीप असो. चढताना हिला जुन्या गाडीपेक्षा दोन पाय जास्त मिळाले. थांबताना एकही जास्त मिळाला नाही.

मग आकडे मांडले. थांबायचं अंतर म्हणजे वेगाच्या वर्गाला घर्षणाच्या दुपटीनं आणि गुरुत्वाच्या त्वरणानं भागायचं. कोरड्या डांबरीवर घर्षणाचा अंक साधारण ०.७ धरला, तर ताशी ५० किलोमीटरच्या वेगातली गाडी ब्रेक लागल्यापासून १४ मीटरवर थांबते. दाबलेल्या बर्फावर तो अंक ०.२ च्या आसपास, म्हणजे ४९ मीटर. काचेसारख्या बर्फावर ०.१, म्हणजे ९८ मीटर. हे सपाट रस्त्याचं. उतारावर त्याहून जास्त. आणि शून्याच्या आसपासचा, वर पाण्याचा पातळ थर असलेला बर्फ कडक थंडीतल्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो. म्हणून तिथले जुने लोक उणे वीसला जेवढे घाबरत नाहीत, तेवढे शून्याला घाबरतात.

या हिशेबात गाडीचं वजन कुठं आलं, असं जावयांनी विचारलं. चांगला प्रश्न. वजन येतच नाही. जड गाडीला घर्षण जास्त मिळतं, पण तिला थांबवायला जोरही तेवढाच जास्त लागतो. दोन्हीकडून कटून जातं. मोठी गाडी बर्फात जास्त "धरते", हा समज तिथंही आहे. वादळाच्या दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेच्या चरात कलंडलेल्या गाड्यांत मोठे फोर व्हील ड्राइव्ह ट्रक मी स्वतः पाहिले. त्यांनाही चढ चढताना कुणी अडवलं नव्हतं.

मग हातात उरतं काय? दोनच गोष्टी. एक म्हणजे वेग. वेग अर्धा केला की थांबायचं अंतर निम्मं होत नाही, पाव होतं. तेच ९८ मीटर ताशी २५ ला साडेचोवीस मीटर होतात. दुसरी म्हणजे टायर. गाडी जमिनीला टेकते ती चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी तळहाताएवढी जागा. बाकी सगळं यंत्र त्या चार तळहातांच्या वर आहे. साध्या टायरचं रबर थंडीत कडक होतं. पारा सात अंशांच्या खाली गेला की हिवाळी टायर लावावेत, असं टायर बनवणारे सांगतात. त्यांचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि अंगावर बारीक चिरांची जाळी असते. तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण, अशी खूण त्यावर असते. ते चारही चाकांना लावावे लागतात. दोनच लावले तर एक टोक धरतं आणि दुसरं घसरतं, गाडी गिरकी घेते.

थंड देशांतल्या कायद्यांनाही हे कळलेलं दिसतं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च प्रत्येक मोटारीला हिवाळी टायर लावावेच लागतात, मग गाडी ऑल व्हील असो की आणखी कुठली. कोलोरॅडोत डोंगरातून जाणाऱ्या महामार्गावर ऑल व्हील ड्राइव्हला परवानगी आहे, पण टायरची नक्षी पुरेशी खोल असेल तरच. कॅलिफोर्नियाच्या घाटांत हवा फारच बिघडली की कुठलीच सूट राहत नाही, प्रत्येक गाडीनं चाकांना साखळ्या बांधायच्या. गाडीच्या मागं काय लिहिलंय एवढ्यावर कुणीच विसंबत नाही.

त्याच आठवड्यात चार हिवाळी टायर आले. आठशे डॉलर गेले. मी मनातल्या मनात रुपये करायचं टाळलं. दुसऱ्या दिवशी जावई मला एका रिकाम्या मोठ्या पार्किंगमध्ये घेऊन गेले आणि बर्फावर मुद्दाम ब्रेक दाबून दाखवला. गाडी पूर्वीपेक्षा बरीच आधी थांबली. तरी डांबरीसारखी नाहीच. "हे बरं झालं," ते म्हणाले, "कुठं थांबणार नाही, हेही कळलं."

रात्री बैलहोंगलला फोन झाला. सगळं ऐकून व्याही थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, गाडी हुशार आहे हो तुमची. पण चालवणारा हुषार पाहिजे."

आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांना यातली गंमत कळेल. शब्द एकच, फारसीतून दोन्हीकडं आलेला. मराठीत आपण हुशार म्हणतो तो पहिला नंबर काढणाऱ्या मुलाला. कन्नडमध्ये "हुषारागी होगु" म्हणतात ते घराबाहेर पडणाऱ्याला, सांभाळून जा, सावध राहा, या अर्थानं. ज्याला बरं नाही तो "हुषार इल्ल". गाडी मराठी अर्थानं हुशार होती. कुठलं चाक घसरतंय हे तिला माणसाच्या आधी कळत होतं. पण कन्नड अर्थाचं हुषार असणं तिला जमणार नव्हतं. उलट तिच्या हुशारीनं माणूस निर्धास्त होतो. जुनी गाडी चढावरच घसरायची आणि रस्ता वाईट आहे हे आधीच सांगायची. नवी काहीच न बोलता वर नेते. रस्ता कसा आहे ते मग उतारावर कळतं.

जानेवारीच्या मध्याला लेक कामावर रुजू झाली. पहिल्या रात्री मी खिडकीत उभी होते. वाऱ्यानं बर्फ आडवा उडत होता. तिनं गाडीच्या छतावरचा, काचांवरचा, दिव्यांवरचा बर्फ नीट झाडला. डिकीत फावडं, वाळूची पिशवी, ब्लँकेट, बॅटरी, पाणी आणि माझ्या आग्रहानं चिवड्याचा डबा. अडकलीस तर गाडी सोडून चालत जायचं नाही, हीटर लावून बसायचं, पण आधी मागच्या धुरांड्याभोवतीचा बर्फ काढायचा, नाहीतर विषारी वायू आत येतो, हे तिनंच मला समजावलं. एरवी दहा मिनिटांची वाट. त्या रात्री तिनं पंचवीस मिनिटं घेतली. "पोचले" असा निरोप येईपर्यंत मी नातीला मांडीवर घेऊन बसले होते. मग रोजचंच झालं. पंचवीस मिनिटं लागली की मला बरं वाटायचं. एकदा पंधरा मिनिटांत निरोप आला, तर मी सकाळी तिला विचारलंच, "एवढी घाई कशाची होती गं?" ती म्हणाली, "आई, रस्ता कोरडा होता."

तुम्ही म्हणाल, आपल्या बेळगावात बर्फ कुठला? खरं आहे. पण आपली माणसं आता हिवाळ्यात मनालीला जातात. रोहतांगच्या खालचा अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून तर जास्तच. बर्फ पडला की तिथले पोलीस बहुधा फोर व्हील ड्राइव्ह किंवा साखळ्या बांधलेल्या गाड्यांनाच पुढं सोडतात. त्यामुळं फोर बाय फोर भाड्यानं घेतली की आपण जिंकलो, असं वाटतं. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान शेकडो गाड्या बर्फात अडकल्या होत्या. वर चढून गेलेल्या गाडीला त्याच रस्त्यानं उतरायचंही असतं, हे तिथं जाणाऱ्यानं लक्षात ठेवावं. स्थानिक ड्रायव्हर "आज नको" म्हणाला तर त्याचं ऐकावं. आणखी एक. मोठी, उंच दिसणारी प्रत्येक गाडी चार चाकांवर ओढणारी नसते. आपल्याकडच्या बऱ्याच एसयूव्हींची पुढची दोनच चाकं ओढतात. थारसुद्धा २०२३ पासून फक्त मागची दोन चाकं ओढणाऱ्या प्रकारात मिळू लागली. घेताना विचारून घ्यावं.

आणि बर्फ नसला तरी पाऊस आहेच. चोर्ल्याला, आंबोलीला धुक्यात ओल्या उतारावर घर्षण कमी होतं, ते याच नियमानं. तिथंही गाडीला किती चाकं ओढतात यापेक्षा टायरची नक्षी किती उरली आहे, हे पाहणं जास्त उपयोगाचं. टायर गुळगुळीत झाले तरी "अजून एक पावसाळा निघेल" म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत.

तर कुणी विचारलं की दोन्हींत चांगलं कुठलं, तर मी आता सरळ सांगते. काळ्या मातीचं शेत, नांगर न फिरलेला बर्फ, दगडधोंड्यांची वाट असेल तर व्याह्यांची फोर व्हील ड्राइव्ह. गावातला, कधी कोरडा कधी निसरडा रस्ता असेल, आणि रोज वेळेवर कामावर जायचं असेल, तर लेकीची ऑल व्हील. निघण्यापुरतं हे उत्तर पुरेसं आहे. थांबण्यासाठी टायर आणि पाय.

व्याही अजून जीपच वापरतात. लेकीच्या गाडीला दर नोव्हेंबरात हिवाळी टायर लागतात आणि एप्रिलअखेर निघतात. नात आता बोलायला लागली आहे. आईनं कामावर निघताना चपला घातल्या की ती दारात उभी राहून बैलहोंगलच्या आजोबांनी फोनवर शिकवलेलं वाक्य म्हणते, "अव्वा, हुषारागी होगु." हा हुषार तिला कन्नड अर्थानं आधी कळला, याचं मला फार बरं वाटतं. मराठी अर्थ काय, शाळेत गेली की शिकेलच.